सनरूफचं रबर बदलण्याआधी आणि बदलताना

सनरूफमधून पाणी आलं की पहिला संशय रबरावर जातो आणि मिस्त्रीही बहुधा तिथेच बोट ठेवतो. नवं रबर मागवलं जातं, बसवलं जातं, आणि पुढच्या जोरदार पावसात सीट पुन्हा ओली होते. याचं कारण सनरूफच्या रचनेत आहे. काचेच्या कडेचं रबर बरंचसं पाणी अडवतं, पण थोडं पाणी त्याला चुकवून आत येणार हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. कौलारू घराच्या वळचणीला पन्हळ लावतात तशी एक उथळ पन्हळ काचेखालच्या चौकटीत फिरते. तिच्या कोपऱ्यांतून बोटापेक्षा बारीक नळ्या निघतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या मागे उघडतात. मागच्या दोन नळ्या मागच्या खांबांतून उतरून चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास बाहेर पडतात. ही वाट मोकळी असेल तर थोडं थकलेलं रबरही चालून जातं. वाट तुंबली असेल तर कोरं करकरीत रबर लावूनही गळती थांबत नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी पाण्याची वाट, मग रबर.

आपल्याकडे सनरूफ पूर्वी महागड्या गाड्यांपुरतंच होतं. २०१४ च्या होंडा सिटीच्या वरच्या मॉडेलमध्ये, २०१५ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० डब्ल्यू-१० मध्ये आणि २०१८ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या नव्या रूपात ते आलं, आणि मध्यमवर्गीय घरांच्या दारात पोचलं. त्या गाड्यांपैकी बऱ्याच आता दुसऱ्या मालकाकडे आहेत. पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलाने वापरून भिलाईला आई-वडिलांकडे पाठवलेल्या गाड्याही त्यांत आल्याच. अशा गाडीची कंपनीची वॉरंटी कधीच संपलेली असते, आणि आधीच्या मालकाने सनरूफकडे किती लक्ष दिलं होतं हे कळायला मार्ग नसतो.

भिलाईच्या सुपेला भागात तर सनरूफच्या रबराची आणि नळ्यांची परीक्षा जास्तच कठीण होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीचं छत हाताला चटका देतं. या उन्हाने रबर हळूहळू कडक होतं आणि त्याची उसळी जाते. जी. ई. रोडवरच्या अखंड वाहतुकीची धूळ आणि पोलाद कारखान्याच्या बाजूने येणारी बारीक भुकटी रुळांवरच्या जुन्या ग्रीसमध्ये मिसळून काळा चिखल होतो. रेल्वेरूळ ओलांडून टाउनशिपमध्ये गेलं की १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली त्या काळापासून वाढत आलेल्या झाडांची सावली मिळते. गाडी तिथे लावायचा मोह होतो आणि तो रास्तही आहे. पण कडुनिंबाची पानं, मोहोर, पुढे जूनमधल्या निंबोळ्या हे सगळं काचेच्या फटीतून पन्हळीत उतरतं. जूनच्या मध्यावर पाऊस येतो तेव्हा नळीचं तोंड या लगद्याने बंद झालेलं असतं. म्हणून नळ्यांचं आणि रबराचं काम मेच्या अखेरीस, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, सावलीत करावं. दुपारी काच हातात धरवत नाही आणि पावसाळ्यात काहीच नीट वाळत नाही.

आता पाणी कुठून येतं ते ओळखू. इथे घाई करू नका, कारण पुढचा खर्च या ओळखीवरच ठरतो.

गाडी रात्रभर पावसात उभी होती आणि सकाळी समोरच्या खांबाचं कापड ओलं, पायाखालचा गालिचा भिजलेला, पण काचेच्या कडेला थेंबही नाही, तर पुढची नळी तुंबली आहे किंवा छताच्या आत निसटली आहे. पाऊस थांबल्यावर गाडी काढली, चौकात ब्रेक मारला आणि डोक्यावर पाणी सांडलं, तर पन्हळ काठोकाठ भरली आहे. हीसुद्धा नळीचीच तक्रार. डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर मागची नळी तपासा, पण त्याचबरोबर टेललाइटच्या मागचं गॅस्केटही बघा. पाऊस नसतानाही डावीकडच्या पायाखाली ओल येत असेल तर ते एसीचं पाणी असण्याची शक्यता मोठी. त्याचा सनरूफशी संबंध नाही. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे आणि ते काम वेगळं, तातडीचं आहे.

रबराची तक्रार वेगळी ओळखू येते. पाऊस सुरू असतानाच काचेच्या एकाच ठिकाणी थेंब धरतात. रायपूरच्या रस्त्याला गाडी ऐंशीच्या वेगाला गेली की डोक्यावर शिट्टीसारखा आवाज येतो. सनरूफचा पडदा बंद असताना त्यावर धुळीची रेघ दिसते. या खुणा दिसल्या तर रबर थकलं आहे किंवा काच बसण्याची उंची बदलली आहे.

गाडी कशी उभी असते याकडेही लक्ष द्या. आपल्याकडे घरासमोर नालीवरून गाडी आत घ्यायला उतार केलेला असतो. गाडीचं नाक खाली ठेवून ती रोज उतारावर उभी राहत असेल तर सगळं पाणी पुढच्या दोन नळ्यांवर येतं, आणि अर्धवट तुंबलेली नळीही मग पुरी पडत नाही. सपाट जागेवर गळत नाही आणि घरी गळते, अशी तक्रार असेल तर या उताराचा विचार आधी करा.

नळ्यांची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी घ्या, सनरूफ पूर्ण उघडा आणि पुढच्या कोपऱ्यातल्या नळीच्या तोंडाशी पेलाभर पाणी अगदी हळू ओता. काही क्षणांत ते त्या बाजूच्या चाकामागे जमिनीवर पडायला हवं. दोन्ही बाजूंचं पाणी सारख्याच धारेने पडतं का ते पाहा. एका बाजूने धार आणि दुसऱ्या बाजूने थेंब, म्हणजे दुसरी बाजू अर्धी बंद आहे. पाणी पन्हळीतून कमी होतंय पण खाली पडत नाहीये, हे सगळ्यांत वाईट. याचा अर्थ नळी आत कुठेतरी सुटली आहे आणि पाणी छताच्या लायनिंगमध्ये किंवा खांबात जातंय. तिथेच ओतणं थांबवा. मागच्या नळ्यांची तोंडं बऱ्याच गाड्यांत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पन्हळीच्या मागच्या बाजूला पाणी सोडून खाली कोणी तरी बघायला ठेवावं लागतं.

तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या यंत्रात वापरतात ती नायलॉनची दोन-अडीच मिलिमीटरची तार उत्तम. तिचं टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा, पाण्यात भिजवा, आणि वरून हलक्या हाताने फिरवत सोडा. अडलं तर मागे घ्या, पुन्हा सोडा. क्लच वायर किंवा लोखंडी तार घालू नका, कारण नळी जुनी असते आणि वळणावर चटकन भोक पडतं. पंक्चरवाल्याकडची हवा मारणं ही तर सर्रास चालणारी आणि सर्वांत नुकसान करणारी पद्धत. त्या दाबाने नळी वरच्या बोंडावरून सुटते, आणि ती परत बसवायला पूर्ण छताचं लायनिंग उतरवावं लागतं. कचरा खालून ओढून काढायचा असेल तर घरातला व्हॅक्युम क्लीनर नळीच्या खालच्या तोंडाला लावून ओढता येतो. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चपट्या ओठांचं रबरी झाकण असतं. चिखलाने ते चिकटून बसतं. मिस्त्री ते कापून टाकतात. मला ते पटत नाही, कारण धूळ आणि किडे वर चढू नयेत म्हणूनच ते दिलेलं असतं. बोटाने दाबून धुवा, फाटलं असेल तर बदला.

एवढं झाल्यावर एक-दोन पाऊस जाऊ द्या, किंवा पाइपने पाणी मारून बघा. गळती थांबली असेल तर रबराचे पैसे वाचले.

रबराची परीक्षा दोन प्रकारे होते. अंगठ्याने चारही बाजूंनी दाबत जा. चांगलं रबर दाबलं की लगेच उसळून वर येतं. दाबलेलंच राहत असेल, कोपऱ्यांत चिरा दिसत असतील, जोडाची फट उघडली असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. दुसरी परीक्षा कागदाची. वहीच्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, काच बंद करताना रबर आणि छताच्या मध्ये एक पट्टी येऊ द्या, आणि बंद झाल्यावर ती ओढून पाहा. चारही कडांवर अशा आठ-दहा ठिकाणी करा. सगळीकडे सारखा ताण लागायला हवा. एखाद्या कोपऱ्यातून पट्टी सहज निसटत असेल तर पाणीही तिथूनच जातं. रबर उसळीचं आहे आणि एकाच बाजूची पट्टी सैल आहे, असं दिसलं तर काचेची उंची नीट करून भागतं.

खरेदीआधी आपल्या गाडीत रबर कुठल्या प्रकारचं आहे ते नक्की करा. काही गाड्यांत ते काचेच्या कडेवर दाबून बसवलेलं असतं आणि सुटं मिळतं. काहींत ते छताच्या पत्र्याच्या काठावर असतं. आणि कित्येक गाड्यांत ते काचेसोबत साच्यातच ओतलेलं असतं. त्यात रबर वेगळं मिळतच नाही, काच आणि रबर मिळून एकच भाग येतो. या तिसऱ्या प्रकारात ‘रबर बदलून देतो’ असं कोणी सांगत असेल तर तो बाहेरचं बीडिंग चिकटवणार आहे हे समजा. चासिस नंबर देऊन अधिकृत दुकानातून पार्ट नंबर काढून घ्या. सनरूफची चौकट बहुधा गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. जर्मनीची वेबास्टो, नेदरलंड्सची इनाल्फा अशा कंपन्या ती पुरवतात. काच काढल्यावर चौकटीवरचं लेबल दिसतं. त्याचा फोटो काढून ठेवला तर शोध सोपा होतो. सुपेला किंवा भिलाईच्याच पॉवर हाऊस परिसरात हा भाग मिळाला नाही तर रायपूर किंवा नागपूरहून मागवता येतो, पण पार्ट नंबर हातात असेल तरच.

दुकानात मीटरवर मिळणारं दाराचं बीडिंग सनरूफला लावू नये. त्याची जाडी आणि पोकळी वेगळी असते. जाड रबर लावलं की काच पूर्ण बंद होत नाही, किंवा बंद होऊन लगेच मागे सरकते, कारण बोट अडकू नये म्हणून दिलेल्या सुरक्षेला ते अडथळा वाटतं. मोटरवरही भार येतो. दुसऱ्या कंपनीचं रबर घेणं भागच असेल तर ते ईपीडीएम रबराचं असावं, आणि जुन्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून, त्याच्या छेदाशी छेद जुळवून घ्यावं.

नवं रबर पाकिटात घडी घालून आलेलं असतं. एक दिवस आधी ते काढून सपाट पसरून ठेवा, म्हणजे मोड निघते.

कामाला दोन माणसं हवीत. छतावर जाड चादर टाका. आतला पडदा मागे सरकवा आणि काच मागून उचललेल्या स्थितीत आणा. दोन्ही बाजूंना प्लास्टिकची किंवा घडीच्या रबराची झाकणं असतात. ती खटक्यांवर बसलेली असतात, हळू ओढून काढा. त्यांच्यामागे काच धरणारे चार किंवा सहा स्क्रू दिसतात, बहुधा स्टार पान्याचे, टी-२५ मापाचे. सोडवण्याआधी प्रत्येक स्क्रूभोवती बारीक पेनाने रेघ मारून फोटो काढा. काच परत त्याच उंचीवर आणायला ही रेघच उपयोगी पडते. स्क्रू काढले की एकाने आतून हात देऊन आणि दुसऱ्याने बाहेरून धरून काच सरळ वर उचलायची आणि घरात गादीवर ठेवायची. या दरम्यान सनरूफचं बटण कोणी दाबू नये. चावी काढून खिशात ठेवलेली बरी.

जुनं रबर हाताने ओढलं की निघतं. खाचेतला मळ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर वापरू नका. ईपीडीएम ऊन-पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोल, रॉकेल आणि खनिज तेलाने फुगतं, आणि थिनरने रंगाची चमक जाते. छताच्या पत्र्याची कडही याच वेळी नीट बघा. गंजाचे ठिपके दिसले तर पॉलिश पेपरने घासून प्रायमर आणि टच-अप रंग लावा आणि पूर्ण वाळू द्या. गंजलेल्या खडबडीत कडेवर नवं रबर टिकत नाही. काच निघालेली असतानाच पन्हळ आणि रूळ ओल्या कापडाने स्वच्छ करा. जुनं काळं ग्रीस पूर्ण पुसून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त लावलं तर धूळ धरून पुन्हा तोच चिखल होतो.

नवं रबर लावताना जोड कुठे होता ते पाहून तिथेच ठेवा. बहुतेक गाड्यांत तो मागच्या कडेच्या मध्यावर असतो. जोडापासून सुरुवात करा, आधी चारही कोपरे जागेवर बसवा आणि मग मधला भाग दाबत जा. ओढून ताणून बसवणं टाळा. ताणलेलं रबर त्या दिवशी छान दिसतं, पण पुढच्या काही महिन्यांत आक्रसतं आणि जोडाशी फट पडते. उलट बोटभर जास्त वाटलं तरी ते कडेने सारखं दाबत सामावून घ्या. सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. रबर कापून जोडायच्या प्रकारचं असेल तर दोन्ही टोकं धारदार ब्लेडने काटकोनात कापून फेव्हिक्विकसारख्या गोंदाच्या एका थेंबाने जोडा. गोंद फक्त टोकांना लावायचा, खाचेत लावायचा नाही.

काच परत बसवली की खरं कौशल्याचं काम येतं, ते उंचीचं. स्क्रू आधी सैल ठेवा, रेघांवर आणा, काच बंद करा. छतावरून पालथा हात फिरवा. काचेची पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा फार तर एक मिलिमीटर खाली हवी. मागची कड बरोबरीने किंवा एक मिलिमीटर वर चालते. पुढची कड वर राहिली तर वारा तिच्यावर आपटून शिट्टी वाजते. पट्टीने मोजून, चारही कोपरे जुळवून मग स्क्रू आळीपाळीने आवळा. हे छोटे स्क्रू आहेत. हाताच्या ताकदीने नेमके घट्ट करायचे, लांब दांड्याचा पाना लावायचा नाही. मग कागदाच्या पट्ट्यांची परीक्षा पुन्हा करा. नवं रबर जाड असल्यामुळे पहिल्या दिवशी काच थोडी जड चालते.

काच बंद होऊन मागे येत असेल, किंवा एका दाबात पूर्ण उघडत नसेल, तर सनरूफला त्याची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत बंद करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं की हे होतं, पण नेमकी रीत प्रत्येक गाडीची वेगळी. ती गाडीच्या पुस्तकात असते. बॅटरी काढून लावल्यावरही हेच करावं लागतं.

पाण्याची चाचणी बागेच्या पाइपने, तोंडाला काही न लावता, मंद धारेने करा. सुरुवात समोरच्या काचेच्या खालून करा आणि हळूहळू वर जा, कारण समोरच्या काचेच्या कडेतून येणारं पाणीही सनरूफचं वाटू शकतं. आत एक जण टॉर्च घेऊन बसू द्या. दहा-पंधरा मिनिटं पाणी चालू ठेवा. वॉशिंग सेंटरची जेट गन या चाचणीला वापरू नका आणि एरवीही काचेच्या कडेवर मारू देऊ नका. २०२३ च्या सुरुवातीला एका नव्या स्कॉर्पिओ-एनचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला होता. धबधब्याखाली उभ्या गाडीच्या छतातून आत पाणी येत होतं. त्यावर कंपनीनेही गाडी धबधब्याखाली नेऊन उत्तरादाखल व्हिडिओ काढला. वाद काहीही असो, सनरूफच्या नळ्या पावसाच्या पाण्यासाठी आखलेल्या असतात. एकाच जागी कोसळणाऱ्या धारेसाठी त्या नसतात.

फटीत सिलिकॉन भरून घेण्याचा सल्ला सुपेल्यातही मिळेल आणि नागपुरातही. तो मानू नका. उघडझाप करणाऱ्या काचेवर सिलिकॉन टिकत नाही. नेहमीचं आंबट वासाचं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं. पन्हळीत उतरलं तर नळीचं तोंड कायमचं बंद होतं, आणि त्याचा थर एकदा बसला की पुढे नवं रबरही तिथे बसत नाही. आधीच्या मालकाने भरलेलं सिलिकॉन दिसलं तर ते पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवं रबर लावण्यात अर्थ नाही.

गळती थांबली तरी आत शिरलेलं पाणी तसंच राहतं. गालिच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि जुलैच्या दमट हवेत तो आपोआप वाळत नाही. कुबट वास, काचांवर सकाळी धरणारी वाफ ही त्याची खूण. गालिचा उचलून खाली वर्तमानपत्रं दाबा, बदलत राहा, उघड्या दारांनी पंखा लावा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत खांबांत आणि छताच्या कडेला पडदा एअरबॅग असते, त्यामुळे खांबाची झाकणं ओढून नळी शोधण्याचा प्रयत्न घरी करू नये.

पुढच्या देखभालीसाठी वर्षातून दोनदा वेळ काढा. फाल्गुनातली पानगळ संपल्यावर एकदा आणि पावसाळा संपून दिवाळी झाल्यावर एकदा काच उघडून पन्हळ पुसा, चारही नळ्यांत पेलाभर पाणी सोडून बघा आणि रबरावर सिलिकॉन स्प्रे लावलेलं कापड फिरवा. भरून टाकायचं सिलिकॉन वेगळं आणि हा स्प्रे वेगळा, दुकानात मागताना नीट सांगा. पावसाळ्यात गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर निंबोळ्यांच्या दिवसांत ही सफाई आठवड्याला करावी.

छताचा मोठा भाग व्यापणारं पॅनोरमिक सनरूफ मात्र घरी उघडू नका. त्याची काच जड असते आणि मागची काच बहुधा पत्र्याला चिकटवलेली असते. नळी छतात निसटली असेल तेव्हाही वर्कशॉपच गाठावं. तिथे मिस्त्रीला सरळ सांगा, ‘भैया, पहले ड्रेन चेक करो, रबर बाद में देखेंगे.’ नळ्यांची सफाई, रबर आणि मजुरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या, काढलेलं जुनं रबर परत मागा, आणि पैसे देण्याआधी गाडीवर पाइपने पाणी मारून चारही नळ्यांतून ते पडताना स्वतः बघा.